विचारील तेवढेच सांगावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एकदोन गोष्टी भरून येथे दिले आहे.)



मंडळाच्या भिशीची आणि बचतीची वही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. या व्यासपीठावर मला दरवर्षी बोलावतात ते जमाखर्च वाचून दाखवण्यासाठी. आकडे वाचून झाले, टाळ्या पडल्या, की मी खाली उतरते. यंदा मात्र अध्यक्षाबाईंनी सांगितले की, जमाखर्च चिटणीसबाई वाचतील, तुम्ही भाषण करा, आणि विषय घ्या बिटकॉइन. हे ऐकून काहीजणी हसल्या. मलाही हसू आले. आपल्यापैकी कित्येकींना मोबाइलवरून विजेचे बिल भरताना अजून नातवाला हाक मारावी लागते, तिथे बिटकॉइनवर व्याख्यान कशाला, असे वाटणे साहजिक आहे.

परंतु मैत्रिणींनो, गेल्या वर्षात या एका शब्दाविषयी मला किती जणींनी विचारले याची मी मनाशी मोजदाद केली. गिरणीत दळण टाकून उभी असताना एकीने विचारले. तुकोबारायांची पालखी अकलूजला आली, रिंगण झाले, त्या दिवशी वारकऱ्यांना वाढता वाढता दोघींनी विचारले. एकीच्या मुलाने पुण्याहून काही घेतले होते, एकीने दूरदर्शनवर पाहिले होते, एकीला कोणीतरी मोबाइलवर निरोप पाठवला होता. विचारताना प्रत्येकीचा आवाज जरा खाली येई, जणू काही चोरीचे बोलत आहोत. तेव्हा मला वाटले की, बिटकॉइन म्हणजे काय यापेक्षाही त्याविषयी एकमेकींशी बोलावे कसे, हे सांगण्याची आज अधिक गरज आहे. बोलण्यात मी स्वतः दोनदा चुकले आहे. ती हकीकत आधी सांगते.

माझ्या थोरल्या नणंद, ज्यांना आपण सगळ्या अक्का म्हणतो, त्या समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगत आहे. किंबहुना, "सांग, म्हणजे दुसरीचे तरी वाचतील," असे त्यांनीच मला बजावले आहे.

२०२१ च्या दिवाळीची गोष्ट. माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कामात आहे. त्याच्याकडून ऐकून, दोनचार महिने वाचून, मी पाच हजार रुपयांचे बिटकॉइन घेतले होते. त्या नोव्हेंबरात एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरांच्या आसपास गेला होता आणि माझ्या पाच हजारांचे बरेच वाढलेले दिसत होते. मग काय विचारता! फराळाला घरची सगळी माणसे जमली, अक्कांनी सहज म्हटले, "वहिनी, ते बिटकॉइन की काय म्हणतात, ते काय असतं गं?" आणि मी सुरू झाले. तासभर थांबले नाही. चलनवाढ झाली, बँका झाल्या, अमेरिका झाली. चकल्या गार झाल्या. मध्येच कोणी शंका काढली तर मी म्हणे, "तुम्हाला कळायला वेळ लागेल." शेवटी अक्का हळूच म्हणाल्या, "मला काही समजलं नाही, पण तू रागावू नकोस हं." मी रागावले नव्हते. पण त्यांना तसे वाटले, याचा अर्थ माझ्या बोलण्यात समोरच्या माणसाला लहान करणारे काहीतरी होते. त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना अडाणी ठरवून उठवले होते.

ही पहिली चूक. दुसरी तिच्याहून वाईट.

पुढच्या वर्षी भाव कोसळला. २०२२ च्या नोव्हेंबरात तो १७ हजार डॉलरांच्या खाली आला. माझ्या पाच हजारांचे काय झाले ते तुम्हीच ताडा. मला लाज वाटू लागली. अशात अक्कांनी पुन्हा विचारले, "काय गं, त्या तुझ्या बिटकॉइनचं काय झालं?" मी म्हटले, "सोडा हो तो विषय." आणि उठून आत गेले.

अक्कांनी तो विषय सोडला नाही, कारण त्यांचे कुतूहल खरे होते. त्यांच्या ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. त्यांचे नाव वा त्यांच्या योजनेचे नाव मी घेत नाही. ते गृहस्थ माझ्यासारखे नव्हते. त्यांनी चहा घेतला, गुडघेदुखीची चौकशी केली, अक्कांचा प्रत्येक प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि "काकू, तुम्हाला लगेच समजलं," असे कौतुकही केले. बिटकॉइनमध्ये आम्ही पैसे लावतो, तुम्हाला दरमहा ठराविक रक्कम मिळेल, असे सांगून त्यांनी दीड लाख रुपये नेले. त्यात अक्कांनी मोडलेल्या पाटल्यांचे पैसे होते. दोन महिने काही रक्कम आली. मोबाइलवर वाढत जाणारे आकडे दिसत होते. तिसऱ्या महिन्यात आकडे तेवढे वाढत राहिले, पैसा आला नाही. नंतर फोनही लागेना.

सहा महिन्यांनी अक्कांनी मला हे सांगितले. मी बोलून गेले, "अहो, मला विचारायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "विचारलं होतं की. तू म्हणालीस, सोडा."

मैत्रिणींनो, त्या वाक्याने मला जे शिकवले तेच आज सांगावयाचे आहे. आपण उत्तर दिले नाही म्हणून माणसाचे कुतूहल विझत नाही. ते दुसऱ्या दारी जाते. आणि ज्या दारी काही विकावयाचे असते, ते दार नेहमी उघडे असते, तिथे सतरंजी अंथरलेली असते. म्हणून ज्यांना काही विकावयाचे नाही अशा बायकांनी या विषयावर बोलले पाहिजे. तासभर व्याख्यान नको, तोंड फिरवणेही नको. विचारील तेवढे सांगावे, समजेल असे सांगावे आणि थांबावे.

आता हे करावे कसे?

पहिली गोष्ट ही की, आपण होऊन विषय काढू नये. विचारणारीने विचारले, तरी लगेच उत्तराला धावू नये. आधी तिला विचारावे, "तुम्ही हे कुठं ऐकलंत?" या एका प्रश्नाने अर्धे काम होते. मुलाने सांगितले म्हणून विचारणारीला आईची काळजी असते, वर्तमानपत्रात वाचून विचारणारीला नुसते कुतूहल असते, आणि कोणी पैसे मागितले म्हणून विचारणारीला ताबडतोब सावध करावयाचे असते. तिघींचा प्रश्न एकच दिसतो, पण उत्तरे वेगळी आहेत.

दुसरी गोष्ट, तिच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करावी. मला आपली भिशीच फार उपयोगी पडते. गिरणीत ज्या बाईंनी विचारले, त्यांना मी एवढेच म्हटले, "आपल्या भिशीची वही कोणाकडे असते?" त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे." "मी रात्री खोडून पाचशेचे पाच हजार केले तर?" त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही कशाला कराल!" बरोबर आहे. भिशी माझ्यावरच्या विश्वासावर चालते. बँक बँकेवरच्या विश्वासावर आणि नोट सरकारवरच्या विश्वासावर चालते. आता अशी कल्पना करा की, आपण वीसही जणींनी तीच वही आपापल्या घरी ठेवली आणि प्रत्येक व्यवहार प्रत्येकीने आपल्या वहीत उतरवला. मग मी माझ्या वहीत खाडाखोड केली, तरी बाकी एकोणीस वह्या मला खोटी पाडतील. बिटकॉइन म्हणजे मुळात अशी एक वही आहे. जगभरातल्या हजारो संगणकांवर तिची नक्कल आहे आणि कोणीही ती ठेवू शकतो.

एवढे सांगून मी थांबले. दळण झाले, त्या डबा घेऊन गेल्या. आठ दिवसांनी त्याच पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "पण जुनं पान कोणी बदललं तर?" बघा, प्रश्न त्यांच्या मनात मुरला होता. मी पहिल्याच दिवशी सगळे ओतले असते तर हा प्रश्न त्यांना सुचला नसता. मग मी सांगितले की, आपण वहीचे नवे पान सुरू करताना वर काय लिहितो? 'मागील पानावरून पुढे' आणि खाली रक्कम. या वहीतही तसेच आहे. फरक असा की, वर लिहावयाचा तो आकडा मागील पानावरच्या प्रत्येक अक्षरावरून काढलेला असतो. मागच्या पानावर एक शून्य जरी बदलले, तरी तो आकडा जुळत नाही, आणि तिथून पुढची सारी पाने चुकतात. पानावर पान अशी ती साखळी आहे. नवे पान साधारण दर दहा मिनिटांनी लिहिले जाते. ते कोणी लिहावे यासाठी एक अवघड कोडे असते. जगभरची यंत्रे अफाट वीज खर्चून आकडे लावून पाहतात, ज्याला आकडा सापडेल तो पान लिहितो, बाकीचे ते तपासतात. लिहिणाऱ्याला मेहनताना म्हणून नवी नाणी मिळतात. आरंभी पानामागे ५० मिळत. साधारण चार वर्षांनी हा मेहनताना निम्मा होतो. २०२४ च्या एप्रिलपासून तो ३ पूर्णांक १ अष्टमांश झाला. अशा रीतीने एकंदर नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, असा नियमच त्या वहीत घातलेला आहे.

तिसरी गोष्ट, ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावे. "हे काढलं कोणी?" असा प्रश्न हमखास येतो. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ च्या ऑक्टोबरात एक टिपण प्रसिद्ध झाले आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले. हा सातोशी पुरुष, स्त्री की एखादी मंडळी, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. शंकरनगरच्या सहकारी साखर कारखान्याचे सभासदत्व ज्या घरात आहे, त्या घरच्या बाईला हे विचित्र वाटते. कारखान्याला अध्यक्ष असतो, वार्षिक सभा असते, उभे राहून जाब विचारता येतो. इथे अध्यक्ष नाही आणि कचेरीही नाही. काही जणांना हेच त्याचे बळ वाटते. अक्कांना हीच त्यातली मोठी अडचण वाटते, आणि अक्कांचे म्हणणे खोडून काढण्याचे मला काही कारण दिसत नाही.

चौथी गोष्ट, धोका आधी सांगावा आणि लाभाचे शेवटी बोलावे. नव्हे, लाभाचे तिने विचारले तरच बोलावे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी १० हजार बिटकॉइन दिले. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात, कारण आजच्या भावाने ते पिझ्झे अब्जावधी रुपयांचे ठरतात. ऐकणारीच्या तोंडाला पाणी सुटते. पण तीच गोष्ट उलटही सांगता येते. २०२१ च्या दिवाळीत ज्याने लाख रुपये घातले, त्याला वर्षभराने त्यातले निम्मेही पाहावयास मिळाले नसतील. पुढे भाव पुन्हा चढला आणि २०२४ च्या डिसेंबरात एक लाख डॉलरांच्या वर गेला, हेही खरे. पण मधल्या काळात ज्यांच्या घरी लग्न निघाले, आजारपण आले, त्यांना पडत्या भावात विकावे लागले. सोने मोडतानाही आपण रडतो, पण सोने असे वर्षात निम्म्याखाली येत नाही. ऊसबिलाचे पैसे यात घालावेत का, असे एकीच्या यजमानांनी मला विचारले. मी म्हटले, "पुढच्या लागणीचं बेणं, खत, मुलांच्या फिया, दवाखाना, हे सारं बाजूला काढा. मग जे उरेल ते बुडालं तरी घरात भांडण होणार नाही, एवढं असेल तर मग विचार करा." ते म्हणाले, "असं काही उरतच नाही." मी म्हटले, "मग प्रश्न सुटला." आम्ही दोघेही हसलो आणि बोलणे पावसावर गेले.

आणखी एक धोका बायकांनी नीट समजून घ्यावा. या वहीतल्या आपल्या पैशाला एक किल्ली असते. ती बहुधा १२ किंवा २४ शब्दांच्या यादीच्या रूपात लिहून ठेवतात. तो कागद हरवला तर कोणत्याही शाखेत जाऊन अर्ज करता येत नाही. तो कोणी पाहिला तर पैसा त्याचा झाला. बरे, किल्ली आपल्याजवळ न ठेवता खरेदीविक्रीच्या बाजाराकडे ठेवली, तर तिथेही चोर असतातच. २०२४ च्या जुलैत आपल्या देशातल्या वझीरएक्स या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरांचा ऐवज चोरीला गेला आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

पाचवी गोष्ट कायद्याची. "हे कायदेशीर आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे तुकडा पाडून उत्तर देऊ नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून लोकांना सावध केले आहे. २०१८ च्या एप्रिलात तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने यातल्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. म्हणजे जवळ बाळगणे हा गुन्हा नाही, पण हे आपल्या देशाचे चलनही नाही. दुकानदार ते घेण्यास बांधलेला नाही, आणि बुडाले तर सरकार भरून देणार नाही. हे चारही मुद्दे एकत्र सांगावेत. यातला एकच सांगणे म्हणजे अर्धसत्य बोलणे होय.

सहावी गोष्ट, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ज्या बैठकीत बिटकॉइनविषयी बोलणे झाले, त्या बैठकीत पैशाचा व्यवहार होता कामा नये. मी कोणाचा मोबाइल हातात घेत नाही. कोणाला काही उतरवून देत नाही. "आज भाव कमी आहे" हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही अशी मी स्वतःला शपथ घातली आहे. माझ्याकडे थोडे बिटकॉइन आहे, हे मात्र मी आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्यात कुठे माया दिसली तर ऐकणारीने ती वजा करून घ्यावी.

आपल्याकडे दिवाळीत घोडेबाजार भरतो. लांबलांबून घोडे येतात. पाहणारे शंभर असतात, घेणारे चार. पण खरा घोडेवाला कोणालाही दात पाहू देतो, चाल पाहू देतो, "उद्या या, पुन्हा बघा" म्हणतो. ज्याला दात दाखवायचे नसतात तोच घाई करतो. बिटकॉइनविषयी बोलणाऱ्याची पारख करावयास याहून सोपी कसोटी मला सापडलेली नाही. ऐकून तुम्हाला मोकळ्या हाताने घरी जाता येते की नाही, ते पाहावे.

या कसोटीवर फसव्या योजना ताबडतोब उघड्या पडतात. पुण्याचे गेनबिटकॉइनचे प्रकरण तुम्ही वाचले असेल. दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असे आमिष त्यात होते, आणि नवे सभासद आणणाऱ्याला वेगळा मोबदला. त्यातील मुख्य आरोपी अमित भारद्वाज यास २०१८ च्या एप्रिलात पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला. त्याच वर्षी, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच पोलिसांनी अटक केली. त्यातले बिटकॉइन त्यांनी आपल्याकडे वळवल्याचा आरोप होता. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ठिकठिकाणी छापे पडले. इतकी वर्षे लोटली, आणि पैसे घालणारी माणसे अजून कागदपत्रांच्या पिशव्या सांभाळून आहेत.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. बिटकॉइनची वही दरमहा काही देत नाही. तिच्यात व्याज नाही, लाभांश नाही. भाव चढेल किंवा पडेल, एवढेच. तेव्हा "बिटकॉइनमधून दरमहा ठराविक मिळेल" असे जो म्हणतो, तो बिटकॉइनविषयी बोलतच नसतो. तो आपल्याच पैशातले थोडे आपल्याला परत देत असतो. हे एक वाक्य अक्कांना त्या दिवाळीत मी सांगितले असते, तर पाटल्या आज त्यांच्या हातात असत्या. तासाभराच्या माझ्या व्याख्यानात हे वाक्य कुठेच नव्हते.

कोणी फसलेच, तर तिला बोल लावू नये. फसलेली बाई आधी पैशाला रडते आणि मग घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने गप्प बसते. त्या गप्प बसण्यात दिवस जातात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सरकारी क्रमांकावर तात्काळ फोन करावा, पोलिसांत तक्रार द्यावी. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडवण्याची आशा अधिक. अक्का सहा महिने गप्प राहिल्या. त्याला कारण मी होते, हे मी आज सर्वांसमोर कबूल करते.

शेवटची गोष्ट. बोलणे झाल्यावर ते तिथेच सोडून द्यावे. दुसऱ्या दिवशी "मग काय ठरवलंत?" म्हणून विचारू नये. आपल्या पाच प्रश्नांची उत्तरे ऐकून एखादी म्हणाली की, मला हे नको, तर ते बोलणे वाया गेले असे समजू नये. तिने समजून नको म्हटले आहे. न समजता हो म्हणणाऱ्यापेक्षा तिचा पैसा कितीतरी सुरक्षित आहे. एकीने मला विचारले होते, "लाखो रुपयांचं एक नाणं, आम्ही गरिबांनी घ्यायचं कसं?" मी सांगितले की, एका नाण्याचे १० कोटी भाग पडतात, शंभर रुपयांचेही घेता येते. त्या म्हणाल्या, "बरं झालं कळलं. पण मी आपली पोस्टातच ठेवीन." मी म्हटले, "अगदी छान." आजही आमचे येणेजाणे आहे, आणि परवाच त्यांनी आपल्या जावेला माझ्याकडे पाठवले की, तिच्या मुलाने काहीतरी घेतले आहे, जरा समजावून सांगा. त्या दीड वर्षापूर्वीच्या बोलण्याचे हे फळ मला फार मोलाचे वाटते.

मंडळाच्या पैशाविषयीही एक खुलासा करते, नाहीतर घरी जाताना कोणाच्या मनात शंका राहील. आपल्या भिशीचा आणि बचतीचा एकही पैसा बिटकॉइनमध्ये नाही, आणि माझ्या हाती वही आहे तोवर जाणार नाही. ती वही आजही एकच आहे. पण गेल्या महिन्यापासून मी एक नवी पद्धत सुरू केली आहे. दर महिन्याच्या पानाची नक्कल प्रत्येक सभासदाला देते आणि ताडून पाहावयास सांगते. बिटकॉइन न घेताही त्यातली एक चांगली गोष्ट आपण घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता अक्कांविषयी. त्यांचे दीड लाख परत आलेले नाहीत, आणि येतील अशी आशाही त्या धरत नाहीत. परंतु गुरुवारी भजन झाल्यावर देवळाच्या ओट्यावर आम्ही दोघी बसतो. कोणाला काही विचारावयाचे असले तर ती येते, नसले तर आम्ही वाती वळत बसतो. माझ्यापेक्षा आता अक्काच अधिक चांगल्या बोलतात. मला वही सांगता येते, साखळी सांगता येते. त्यांना ती सांगता येत नाही. पण कोणी येऊन "अक्का, ते बिटकॉइन..." म्हणाले, की त्या हातातली वात खाली ठेवतात, तिला जवळ बसवून घेतात, आणि पहिला प्रश्न विचारतात, "बाई, तुझ्याकडं कोणी पैसे मागितलेत का?"

त्यांच्याकडून मी हा प्रश्न शिकले. तुम्हीही तो घरी घेऊन जा, एवढीच विनंती.